निद्रा : देवाची देणगी

शास्त्रपाठ : स्तोत्र १२७, अनुवाद २४:१०-१३, मार्क ४:२६-२९ व ३५-४१



मनुष्याच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत जातो. साठ वर्षे जगलेल्या मनुष्याची सुमारे वीस वर्षे अंथरुणावर गेलेली असतात. एवढा मोठा काळ. पण त्याविषयी आपल्या व्यासपीठावरून किती वेळा बोलले जाते? झोपेचा उल्लेख आपण करतो तो बहुधा दोष देण्यासाठी. जागे राहा, झोपी जाऊ नका, हे आपण पुष्कळदा ऐकतो. त्रोवस येथे पौलाचे भाषण लांबले आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रे. कृत्ये २०:९), ही गोष्ट सांगून उपासनेत डुलक्या घेणाऱ्यांची थोडी थट्टाही होते. पण देवाने मनुष्याला झोप का दिली? रोज रात्री त्याला असे निश्चेष्ट, असाहाय्य करून का टाकले? या प्रश्नाकडे आज वळू या.

स्तोत्र १२७ वर शलमोनाचे नाव आहे. घर बांधणारा, नगर राखणारा आणि पहाटे लवकर उठून रात्री उशिरापर्यंत कष्टाची भाकर खाणारा असे तीन माणसांचे चित्र त्यात आहे. देव सोबत नसेल तर तिघांचेही श्रम व्यर्थ, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. मग दुसऱ्या वचनाच्या शेवटी तो झोपेविषयी बोलतो. मूळ इब्री शब्दांचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक असा की, देव आपल्या प्रियाला झोप देतो. दुसरा असा की, देव आपल्या प्रियाला तो झोपेत असतानाच देतो. शास्त्रपंडितांमध्ये दोन्ही अर्थांचे पुरस्कर्ते आहेत. शलमोनाचेच दुसरे नाव यदीद्या, म्हणजे परमेश्वराचा प्रिय (२ शमुवेल १२:२५), आणि या स्तोत्रातील ‘प्रिय’ हा शब्द त्याच धातूचा आहे. गिबोन येथे शलमोन झोपला असताना देवाने त्याला स्वप्नात दर्शन दिले आणि शहाणपणाचे दान दिले (१ राजे ३). म्हणजे हे दोन्ही अर्थ त्याच्या आयुष्यात खरे ठरले. आपल्याविषयी ते कसे खरे आहेत, हे पाहताना विज्ञानाचीही साक्ष काढू. सृष्टीचा अभ्यास करणारा मनुष्य नकळत का होईना, उत्पन्नकर्त्याच्याच हस्ताक्षराचे वाचन करीत असतो.

१. देव झोप देतो

झोप का येते? शास्त्रज्ञ सांगतात की, यामागे दोन व्यवस्था एकमेकींच्या जोडीने काम करतात. पहिली व्यवस्था थकव्याची. मेंदू दिवसभर काम करतो, इंधन खर्च करतो. चुलीत जळणाची राख साठावी तसा ॲडेनोसिन नावाचा पदार्थ मेंदूत साठत जातो. जितका वेळ आपण जागे, तितका त्याचा भार अधिक, आणि त्या भाराने डोळे मिटू लागतात. चहा-कॉफीतील कॅफिन हा भार कमी करीत नाही. ॲडेनोसिनने जिथे जाऊन थकव्याची खबर द्यायची ती जागाच ते अडवून बसते. चहाने थकवा जात नाही, थकव्याची बातमी मात्र दाबली जाते. कॅफिनचा अंमल ओसरला की सारी थकबाकी एकदम पुढे उभी राहते.

दुसरी व्यवस्था घड्याळाची. डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जिथे गाठ पडते, तिच्या किंचित वर, मेंदूच्या आत, सुमारे वीस हजार पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. तेच आपल्या शरीराचे घड्याळ, हे १९७२ साली ध्यानात आले. ते सुमारे चोवीस तासांचा फेरा पुरा करते आणि सूर्यप्रकाशाने रोज लावले जाते. पेशींच्या आतील या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याही पुष्कळ आधी, १९३८ साली, नेथॅनिएल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ आपल्या एका विद्यार्थ्यासह अमेरिकेतील केंटकी प्रांतातल्या एका खोल गुहेत बत्तीस दिवस राहिले. तिथे सूर्य दिसत नव्हता. अठ्ठावीस तासांचा दिवस करून पाहावा, असा त्यांचा बेत होता. विद्यार्थ्याला ते बऱ्यापैकी जमले. क्लाइटमन यांचे शरीर मात्र चोवीस तासांची जुनी सवय सोडीना.

मग झोप टाळता येईल काय? १९६४ साली रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा अमेरिकन विद्यार्थी एका प्रयोगासाठी अकरा दिवस, म्हणजे २६४ तास जागा राहिला. त्याची स्मरणशक्ती अडखळू लागली, स्वभाव चिडखोर झाला, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. शेवटी तो सुमारे चौदा तास झोपला आणि सावरला. शिकागो येथे उंदरांना सतत जागे ठेवण्याचे प्रयोग झाले. अन्न भरपूर असूनही ते खंगत गेले आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत मरणपंथाला लागले. समुद्रातील डॉल्फिनला श्वासासाठी वारंवार पाण्यावर यावे लागते, म्हणून तो मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून उरलेला अर्धा निजवतो. पण झोप त्यालाही चुकलेली नाही. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, असे स्तोत्र १२१ सांगते. या एका बाबतीत निर्माता आणि निर्मिती यांच्यातील भेद अगदी उघड आहे.

म्हणून झोप हे रोजचे कबुलीजवाब देणे होय. डोळे मिटताना मनुष्य न बोलता म्हणत असतो, “प्रभो, मी देव नाही. आता आठ तास हे जग माझ्यावाचून चालेल.” उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवसाची मोजणी संध्याकाळपासून होते, हे लक्षात घ्या. आधी संध्याकाळ, मग सकाळ. आपला दिवस कामाने सुरू होऊन थकव्याने संपतो. शास्त्राचा दिवस विसाव्याने सुरू होतो आणि आपण उठतो तेव्हा देवाचे काम आधीच सुरू झालेले असते. मार्काच्या चौथ्या अध्यायातील शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी कसे रुजते हे त्याला कळतही नाही. कापूस, तूर, ज्वारी पेरणाऱ्या आपल्या माणसांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. मृगाच्या पावसावर सरकी टोचून घरी येऊन निजलेल्या माणसाला ठाऊक असते की, अंकुर काढणे त्याच्या हाती नाही.

२. देव झोपेत देतो

झोप म्हणजे केवळ कामाची सुट्टी, असे पूर्वी वाटत असे. १९२९ साली हान्स बेर्गर या जर्मन वैद्याने डोक्यावर तारा लावून मेंदूतील विजेच्या लहरींचा आलेख प्रसिद्ध केला आणि निजलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालते ते पाहण्याची वाट उघडली. आता आपल्याला ठाऊक आहे की, झोप एकसारखी नसते. प्रथम हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, असा सुमारे नव्वद मिनिटांचा फेरा असतो आणि रात्रीत असे चार-पाच फेरे होतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटेच्या भागात स्वप्नांची झोप जास्त.

या फेऱ्यांत आपल्याला काय काय मिळते? गाढ झोपेत हृदयाची गती व रक्तदाब उतरतो आणि वाढीला लागणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर स्रवते. लेकरे झोपेत वाढतात ही आजीबाईची समजूत खोटी नव्हे. आजाराशी लढणारी शरीराची शक्ती झोपेत बळावते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात असे दिसले की, झोपेत मेंदूच्या पेशींमधील फटी रुंदावतात आणि द्रव वाहून साचलेला मळ धुतला जातो. माणसाच्या मेंदूत हे किती आणि कसे घडते याविषयी शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. पण झोपेत मेंदू आपले घर झाडतो, या कल्पनेने संशोधनाला मोठीच चालना दिली आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट स्मरणाची. १९९४ साली विल्सन व मॅकनॉटन या शास्त्रज्ञांनी दाखवले की, उंदीर दिवसा ज्या वाटांनी फिरतो, त्या वाटांशी बांधलेल्या मेंदूच्या पेशी तो निजल्यावर पुन्हा त्याच जोडीने जाग्या होतात. जणू दिवसाचा धडा रात्री गिरवला जातो. माणसांवरच्या अनेक प्रयोगांतही दिसले की, शिकल्यानंतर झोप मिळाली तर शिकलेले अधिक टिकते. दिवसा पेरायचे आणि रात्री रुजायचे, हा मार्कातील दाखला आपल्या डोक्यातही रोज घडतो तर!

वाढ, झीज भरून काढणे, आरोग्य, स्मरण यांपैकी काहीही आपण जागेपणी कष्ट करून मिळवू शकत नाही. हे सारे पदरात पडते तेव्हा आपले हात रिकामे आणि उघडे असतात. कृपेची याहून सोपी व्याख्या कोणती करावी? आदामाला गाढ निद्रा लावून देवाने त्याला जीवनसाथी दिली. पळून थकलेला एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता. तेव्हा देवाने त्याला बोल लावला नाही, उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेबाचा मंद स्वर त्याच्या कानी पडला तो त्यानंतर. खचलेल्या माणसाला भेटायला जाणाऱ्या प्रत्येक पाळकाने व वडिलाने हा क्रम ध्यानात ठेवावा.

३. स्वप्नांविषयी

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ अशी आपली म्हण आहे. शास्त्राने तिच्यात बरीच भर घातली आहे. १९५१ साली शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून रात्रभर आलेख काढला. मूल शांत झोपले होते, पण मधूनच त्याची बुबुळे पापण्यांखाली वेगाने फिरत. तशा वेळी उठवलेली माणसे बहुधा सांगत की, आम्ही स्वप्न पाहत होतो. हे संशोधन ॲसेरिन्स्की व त्यांचे गुरू क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. फ्रान्समधील मिशेल जूव्हे यांनी पुढे दाखवले की, या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणीइतका चपळ असतो, पण हातापायांचे स्नायू ढिले पडून खिळल्यासारखे होतात. देवाची केवढी काळजी! स्वप्नात आपण धावतो, पण खाटेवरून पडत नाही.

ही माहिती आपल्या खेड्यापाड्यांतील दोन भये दूर करू शकते. कधी कधी मन आधी जागे होते आणि शरीराची ती बांधणी सुटायला क्षणभर उशीर होतो. माणूस जागा असतो, पण हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. लोक म्हणतात, भूत बसले. मग गंडेदोरे, कोंबडे, भगत यांवर पैसा जातो. हे भूत नव्हे. ही झोप व जाग यांची थोडीशी चुकामूक आहे आणि ती आपोआप संपते. दुसरे भय पहाटेच्या स्वप्नाचे. पहाटेचे स्वप्न खरे होते म्हणून एखादी आई दिवसभर काळजी करीत बसते. पहाटे स्वप्नांची झोप लांब असते आणि तिच्यातूनच आपण थेट जागे होतो, म्हणून ते स्वप्न आठवते, एवढेच. आठवते म्हणून ते भविष्य ठरत नाही.

स्वप्ने पडतातच कशाला, यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही. फ्रॉइड यांना ती दडपलेल्या इच्छांची गुप्त भाषा वाटली. हॉब्सन व मॅकार्ली यांनी १९७७ साली म्हटले की, मेंदूच्या देठातून उठणाऱ्या संदेशांना वरचा मेंदू गोष्टीचा आकार देतो. इतर काही म्हणतात की, दिवसभरातील भय, दुःख, आनंद यांची लावालाव त्यात होते.

पवित्र शास्त्राची या बाबतीतील समतोल वृत्ती पाहा. देव स्वप्नातून बोलला, हे शास्त्र नाकारीत नाही. याकोबाला बेथेलात धोंडा उशाला घेऊन निजला असता शिडी दिसली. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहा स्वप्ने आहेत : योसेफाची चार, मागी लोकांचे एक आणि पिलाताच्या पत्नीचे एक. पण तेच शास्त्र सांगते की, पुष्कळ कामाच्या दगदगीनेही स्वप्ने पडतात (उपदेशक ५:३). यिर्मया तर आपल्या स्वप्नांचा गाजावाजा करणाऱ्या संदेष्ट्यांना कडक शब्दांत विचारतो की, भुसा कोठे आणि गहू कोठे (यिर्मया २३).

मग पारख कशी करावी? मरीयेचा पती योसेफ याच्याकडे पाहावे. त्याची चारही स्वप्ने त्याच्यावर काम टाकणारी होती. मरीयेला स्वीकार, बाळाला घेऊन पळ, परत ये, वाट बदल. त्यात त्याचा मानमरातब नव्हता, फायदा नव्हता. स्वप्नातून उठून त्याने लोकांना गोळा केले नाही. सांगितलेले काम केले. म्हणून कोणी म्हणाले की, “मला स्वप्नात दिसले, तुम्ही अमुक रक्कम द्या”, किंवा “तुमच्या मुलीचे लग्न अमक्याशीच करा”, तर शांतपणे विचारावे : हे स्वप्न सांगणाऱ्यावर ओझे टाकते की ऐकणाऱ्यावर? प्रभूच्या वचनाशी ते जुळते काय? भुसा कोणता आणि गहू कोणता, हे पुष्कळदा एवढ्यानेच कळते.

४. ज्यांची झोप हिरावली गेली

इथवर ऐकून कोणी म्हणेल, “झोप देवाच्या प्रियाला मिळते म्हणता, मग मला रात्र रात्र झोप नाही, तर मी देवाचा नावडता काय? माझा विश्वास कमी आहे काय?” प्रिय वाचकहो, स्तोत्र १२७ चा असा काठीसारखा उपयोग कोणीही करू नये. स्तोत्र ६ मधील भक्त आपले अंथरूण आसवांनी भिजवतो. स्तोत्र ७७ मधील आसाफ देवालाच म्हणतो की, माझ्या पापण्या तूच उघड्या धरल्या आहेस. ही देवाचीच माणसे होती. झोप न लागण्याची कारणे शरीरात असतात, मनात असतात आणि परिस्थितीत असतात. घोरताना ज्याचा श्वास मधूनमधून अडकतो आणि जो दिवसभर पेंगतो, किंवा महिनोन् महिने ज्याचा डोळा लागत नाही, त्याने डॉक्टरांना दाखवावे. औषध घेणे हा अविश्वास नव्हे.

पण काहींची झोप दुसऱ्या माणसांनी हिरावलेली असते, आणि येथे आपल्याला इंद्रवेल्लीचे नाव घेतले पाहिजे.

आदिलाबाद–उटनूर रस्त्यावरचे हे गाव. आज ते तेलंगणात आहे. गोंड, परधान, कोलाम, बंजारा आणि आपल्या मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची या भागात शेजारशेजारची वस्ती आहे. जवळच केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. पिकाच्या दिवसांत इथला शेतकरी रानडुकरांपासून ज्वारी राखण्यासाठी मचाणावर रात्री काढतो. कापूस निघाला की विक्रीसाठी नंबर लावून गाडीवरच रात्र काढतो. या जागरणाचे त्याला काही वाटत नाही, कारण पीक आपले आहे. उपदेशकाने म्हटलेच आहे की, श्रम करणाऱ्याची झोप गोड, मग तो थोडे खावो की फार (५:१२). पण जमीनच हातची जाऊ लागली, सावकाराच्या वहीत आकडा चढू लागला, म्हणजे मचाणही नको आणि डुकरेही नकोत, झोप आपोआप उडते.

जमिनीच्या आणि कर्जाच्या याच गाऱ्हाण्यांसाठी २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत आदिवासी शेतकऱ्यांची सभा होणार होती. सभेला परवानगी नाकारण्यात आली. तरी लोक जमले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ जण मेले. इतरांनी दिलेले आकडे त्याहून कितीतरी मोठे आहेत. तिथे आज स्मारकाचा स्तूप उभा आहे. ज्या घरात त्या संध्याकाळी माणूस परतला नाही, त्या घरची रात्र कशी गेली असेल हे सांगायला शास्त्रज्ञ नको. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आदल्याच वर्षी, १९८० साली, आपल्या व्याधींच्या यादीत एका दुखण्याला नाव दिले होते. भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाला तोच प्रसंग वर्षानुवर्षे स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसतो, तो दचकून उठतो, पुन्हा झोपायला भितो. मनात न पचलेले दुःख रात्री उठून बसते.

अशांना देवाचे वचन काय सांगते? अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. कोणाला उसने दिले, तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नको. बाहेर उभा राहा. तो गरीब असेल, तर त्याचे गहाण ठेवलेले पांघरूण घेऊन निजू नको. सूर्य मावळताच ते त्याला परत दे, म्हणजे तो ते पांघरून झोपेल आणि तुला आशीर्वाद देईल. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात तर देवच विचारतो की, त्याच्याजवळ दुसरे आहे काय? तो कशात निजणार? त्याने हाक मारली तर मी ऐकेन.

बंधुजनहो, आकाश व पृथ्वी निर्माण करणारा देव येथे एका कर्जदाराच्या घोंगडीची चौकशी करीत आहे! विज्ञान आज सांगते की, झोप ही चैन नसून जगण्याची गरज आहे. मोशेच्या नियमशास्त्राने ते न्यायाच्या भाषेत केव्हाच सांगितले. गरिबाची झोप हा त्याचा हक्क आहे आणि तो मोडणाऱ्याला देवाला जाब द्यावा लागेल. आमोसाने तर गहाणाची वस्त्रे पसरून वेदीजवळ लोळणाऱ्यांची खरडपट्टी काढली आहे (२:८). उपासना चालू होती, पण खाली अंथरलेले कापड दुसऱ्याच्या थंडीचे होते.

आदिलाबादच्या पौष-माघातील थंडी ज्यांनी सोसली आहे, त्यांना घोंगडीचा हा हिशेब कळेल. तेव्हा प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने निजण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावे. पहिला : आज मला झोप लागेल काय? दुसरा, आणि जास्त महत्त्वाचा : माझ्यामुळे आज कोणाची झोप उडाली आहे काय? माझ्याकडे कोणाची मजुरी अडकली आहे काय? शेताच्या बांधावरून भावाशी भांडण आहे काय? घरची सून रात्री बारापर्यंत भांडी घासते आणि पहाटे चारला उठते, आणि मी मात्र निवांत घोरतो, असे आहे काय? कोणा कर्जदाराला मी असे बोललो काय की, तो आता छताकडे पाहत पडला असेल? सूर्य मावळण्यापूर्वी परत करण्याजोगी पांघरुणे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत निघतील.

५. शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

तज्ज्ञांच्या मते सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तास आणि मोठ्या माणसांना निदान सात तास झोप हवी. वयात येणाऱ्या मुलांचे शरीराचे घड्याळच उशिरा धावते. त्यांचे सकाळी न उठणे दर वेळी आळस नसतो. म्हणून :

वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उभे करण्याआधी त्याच्या घरची चौकशी करा. कदाचित ते मूल शेताची राखण करून आले असेल, कदाचित रात्री घरात दारूचा तंटा झाला असेल. त्या मुलाला सोनेरी वचनाच्या आधी एलीयाप्रमाणे थोडी झोप व भाकर लागेल.

नाताळच्या नाटकाच्या तालमी रात्री अकरापर्यंत लांबवू नका. मुलांनी पाठ केलेले त्यांच्या झोपेतच पक्के होते. झोप तोडून पाठ करवणे म्हणजे पेरलेले बी उकरून काढणे होय.

पालकांना सांगा की, रात्री मोबाईलचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराच्या घड्याळाला अजून दिवस आहे असे वाटते आणि झोप लांबते. कौटुंबिक उपासनेच्या वेळी सर्वांचे मोबाईल एका टोपलीत गेले, तर प्रार्थना आणि झोप दोन्ही सुधारतील.

मुलांना स्वप्नांची भीती घालू नका. वाईट स्वप्न पडलेल्या मुलाला जवळ घ्या, ऐकून घ्या आणि स्तोत्र ४ चे शेवटचे वचन त्याच्याबरोबर म्हणा.

रात्रभराच्या प्रार्थनासभांना माझा विरोध नाही. आपल्या प्रभूने बारा शिष्य निवडण्यापूर्वी सारी रात्र प्रार्थनेत घालवली (लूक ६:१२). पण प्रसंगाचे जागरण वेगळे आणि जागरणाची फुशारकी वेगळी.

६. नावेत निजलेला प्रभू

मार्काच्या चौथ्या अध्यायातच बीजाच्या दाखल्यानंतर प्रभू नावेत चढतो आणि उशीवर डोके ठेवून झोपी जातो. वादळ उठते, नाव भरू लागते, तरी तो झोपलेला. शिष्यांना ही बेपर्वाई वाटली. पण पाहा, जो डुलकी घेत नाही आणि झोपत नाही, तो आमच्यासाठी देहधारी झाला आणि आमच्यासारखा थकला. झोपेची गरज त्याने आपल्या देहाने पवित्र केली. आणि पित्याच्या हाती सर्व काही आहे हे पुरते ठाऊक असलेला माणूस वादळात कसा निजतो, हेही त्याने दाखवले.

पुढे गेथशेमानेत उलटे झाले. शिष्य निजले आणि प्रभू जागा राहिला. ते दुःखाने झोपी गेले होते, असे वैद्य लूक समजूतदारपणे नमूद करतो (२२:४५). त्या रात्री प्रभूने त्यांना हाक मारली, पण टाकून दिले नाही. आमचे तारण आमच्या जागे राहण्यावर टांगलेले नाही. तो एकटा जागा राहिला, म्हणून आम्हाला निश्चिंत निजता येते.

मरणालाही तो झोप म्हणाला. लाजाराविषयी त्याने हाच शब्द वापरला आणि आपली मंडळीही ‘प्रभूमध्ये निजला’ असेच लिहिते. ही केवळ सौम्य भाषा नव्हे. निजलेला मनुष्य निश्चल दिसतो, तरी त्याच्यात किती काही चाललेले असते, हे आज विज्ञानाने दाखवून दिले आहे. मृताच्या देहात तसे काही चालत नाही, हे खरे. म्हणूनच प्रभूचा शब्द मोठा धाडसी आहे : जिथे आपल्याला काहीच उरलेले दिसत नाही, तिथेही तो म्हणतो की, मी उठवीन. इंद्रवेल्लीच्या स्तूपाखालच्या नावांपासून आपल्या मंडळीच्या कबरस्तानातील साध्या क्रुसापर्यंत, कोणीही त्याच्या नजरेआड निजलेले नाही.

तर मग आज रात्री आपले काम देवाच्या स्वाधीन करा, दुसऱ्याचे पांघरूण परत करा आणि दिवा मालवा. ज्याला झोप येणार नाही, त्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, त्या अंधारात आणखी एक जण त्याच्यासोबत जागा आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या न कळत आम्हाला वाढवणाऱ्या व सावरणाऱ्या तुझ्या कृपेबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांची झोप दुःखाने, भीतीने, कर्जाने किंवा अन्यायाने उडाली आहे, त्यांच्या उशाशी तू राहा. आमच्यामुळे कोणी जागा असेल, तर ते आम्हाला दाखव आणि उद्याचा सूर्य मावळण्याआधी ते निस्तरण्याचे धैर्य दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.